क्रेनभाऊंचा उतरता जिना

क्रेनभाऊंचं खरं नाव फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक आहे, आणि ती त्यांना 'अहो' म्हणते, त्यामुळे त्या नावाचा कुणालाच काही उपयोग नाही. घरसामान हलवण्याचा त्यांचा धंदा. जिन्यावरून कपाट उतरवायचं तर वर क्रेनभाऊ आणि खाली त्यांचा जुना जोडीदार बारक्या, हे ठरलेलं. मध्ये कपाट असल्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. वरच्याने "पायरी... पायरी... वळण" असं बोलत राहायचं आणि खालच्याने त्या आवाजाच्या भरवशावर पाय टाकायचा. क्रेनभाऊंच्या तोंडाचा पट्टा तसाही कधी थांबत नसे, म्हणून बारक्या निर्धास्त.

मग एका फ्रिजने घात केला. पाठीचं ऑपरेशन झालं आणि दुखणं सुसह्य व्हावं म्हणून जालीम गोळ्या मिळाल्या. पाठ सावरली, क्रेनभाऊ कामावरही गेले, पण गोळ्या चिवट पाहुण्यासारख्या मुक्काम ठोकून बसल्या. गोळीला उशीर झाला की जीव कासावीस, आणि घेतली की डोळ्यांवर झापड. घरी याचा पत्ता नव्हता. "पाठीसाठी आहे," एवढं म्हटलं की विषय संपायचा.

एके दिवशी जिन्यात वरचा आवाज थांबला. क्रेनभाऊंना उभ्या उभ्या डुलकी लागली होती. खांद्यावरचा कपाटाचा पट्टा सैल पडला, कपाट घसरलं, बारक्या भिंतीला चिकटला म्हणून वाचला. तो मटकन पायरीवर बसला.

"माझी पोरं तुला मामा म्हणतात," तो म्हणाला. "पण यापुढे तू वर असलास तर मी खाली नाही."

क्रेनभाऊंच्या हे फार जिव्हारी लागलं. घरी जाऊन त्यांनी गोळ्यांचं पाकीट ड्रॉवरमध्ये कोंबलं. एक घाव दोन तुकडे! ना डॉक्टरला विचारलं, ना बायकोला.

दुसऱ्या दिवशी जांभया सुरू झाल्या. मग नाक, मग डोळे, मग अंगावर काटा, मग पोट. घरातल्या एकुलत्या एक बाथरूमवर क्रेनभाऊंनी कबजाच केला. बायकोने सर्दी समजून वाफारा दिला. पण रात्रभर लाथा खाल्ल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सर्दीत पाय कोण झाडतं हो?"

तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं. सांगता सांगता क्रेनभाऊंचा हात ड्रॉवरकडे गेला. रोजच्यापेक्षा दोन जास्तच घेऊन टाकू, म्हणजे सुटलो एकदाचे! बायकोने पाठीनेच ड्रॉवर बंद केला. "आधी डॉक्टर. मग काय घ्यायचं ते घ्या."

डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढ्या. ओरडा बसणार म्हणून क्रेनभाऊ खुर्चीच्या कडेवर बसले. "मी काय गर्दुल्ला आहे का हो?"

"नाही काका. शरीराला सवय लागलीय, त्यात लाजायचं काय? पण असं एकदम तोडायचं नाही. आणि मध्ये खंड पडल्यावर मनाने जास्त घेतल्या असत्या, तर श्वास मंदावून जिवावर बेतलं असतं." मग त्या बायकोकडे वळल्या. "काकू, बरं केलंत."

काकूंची मान तेव्हापासून जी ताठ झाली, ती अजून वाकलेली नाही.

ठरलं ते असं: गोळी थोडी थोडी कमी करायची, किती आणि कधी ते डॉक्टरीणबाई सांगतील. दारू नाही, झोपेची गोळी नाही, ओझं उचलणं नाही. त्रास झाला तर लपवायचा नाही. गोळ्या कुलपात, किल्ली काकूंच्या पर्समध्ये. रोज सकाळी क्रेनभाऊ शाळकरी मुलासारखा हात पुढे करत आणि काकू गोळी ठेवून पाणी पिईपर्यंत समोर उभ्या राहत. बाकी वेळ ते चालायला जात, जमिनीवर पडून व्यायाम करत आणि फोनवरून बारक्याला नको तितके सल्ले देत.

निम्मा पल्ला बरा गेला. मग एका टप्प्यावर झोप उडाली, चिडचिड वाढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सध्या इथेच थांबू. कमी नको, वाढवायला तर नकोच." क्रेनभाऊ तोंड पाडून घरी आले.

"हरलो मी."

काकू भाजी चिरत होत्या. "जिन्याच्या वळणावर कपाट टेकवून दम खाता, तेव्हा हरता का? तिथून उचलून परत वर तरी नेत नाही ना?"

क्रेनभाऊ इतके हसले की पाठीत कळ आली, आणि त्या कळेवर गोळी मागायची आठवणसुद्धा झाली नाही.

दम खाऊन झाल्यावर उतरणं पुन्हा सुरू झालं. सावकाश का होईना, शेवटची गोळीही सुटली. काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी हलक्या ओझ्याला परवानगी दिली.

पहिलं काम निघालं ते हलक्या लाकडाच्या रिकाम्या कपाटाचं. क्रेनभाऊंनी वरच्या बाजूचा पट्टा खांद्यावर घेतला आणि खाली न बघता थांबले. बारक्या त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि डोळ्यांत निरखून बघू लागला.

"झोप झाली?"

"झाली."

"गोळी?"

"बंद. तुझ्या वहिनीला विचार."

"विचारूनच आलोय," बारक्या म्हणाला आणि चार पायऱ्या उतरून कपाटाखाली उभा राहिला.

क्रेनभाऊंना बोलायचं होतं, पण डोळ्यांसमोर कपाटच धूसर झालं. डोळे पुसावेत तर दोन्ही हात पट्ट्यात अडकलेले.

"अरे, बोल की!" कपाटामागून आवाज आला. "नेहमी नको तेव्हा बडबडतोस! मी पाय कुठे टाकू?"

"पायरी," क्रेनभाऊ म्हणाले. आवाज थोडा फुटला. बारक्याने पाय टाकला.