जॅकवरचं कुंकू

"सार, आधी प्रसाद घ्या," म्हणत सिद्धराजूनं माझ्या हातात कडलेपुरीचा द्रोण दिला. कडलेपुरी म्हणजे चुरमुरे आणि डाळं. आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला, म्हैसूरभर हाच प्रसाद. मी तोंडात एक मूठ टाकली आणि माझी नजर त्याच्या पाठीमागच्या ढिगावर गेली.

बोगादीला त्याच्या घरापुढचं अंगण सारवून त्यावर रांगोळी घातली होती. रांगोळीवर लोखंडी जॅक रचलेले. धुतलेले, पुसलेले, प्रत्येकाला गंधाची बोटं, कुंकू, वरून शेवंतीची माळ. दरवर्षीचंच चित्र. पण त्यातल्या काही जॅकच्या मानेवर कुंकवाखाली अजून एक लाल रंग दिसला. ऑइल पेंटचा. तो मी स्वतःच्या हातानं फासला होता, 'याला हात लावायचा नाही' अशी खूण म्हणून.

"हे कुठले रे?"

"शाळेचे, सार. हिनकलच्या पुढच्या."

"काढलेस?"

"पूजेपुरते, सार. परवा परत लावतो की."

मी द्रोण खाली ठेवला.

आता हे जॅक म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर मी एवढा का घाबरलो ते कळायचं नाही. खोलीवर सिमेंटचं छत ओततात, त्याला आम्ही स्लॅब म्हणतो. ओतताना तो पातळ असतो. म्हणून खाली पत्र्याच्या प्लेटा आणि प्लेटांखाली हे उभे, आटा फिरवून उंच करता येणारे लोखंडी खांब, म्हणजे जॅक. या सगळ्या तात्पुरत्या आधाराला सेंटरिंग म्हणतात, आणि ते करणारा सिद्धराजू. दोन-तीन दिवसांत स्लॅब वरून दगडासारखा होतो. चाला, नाचा, काही होत नाही. पण घाईत उतरवलेल्या इडलीसारखं असतं ते. वरून फुललेली, आणि मोडली की आत पीठ. भिंतीलगतचे जॅक एक वेळ लवकर काढले तर चालतं. खोलीच्या मधून जो आडवा बीम जातो त्याच्या पोटाखालचे मात्र अजिबात नाही. सगळा भार तिथे. लाल रंग मी त्यांनाच लावला होता.

मी शाळा बांधणाऱ्या सरकारी विभागात इंजिनियर होतो. जाधव. आमचं घराणं मराठा, कुणी एक आजोबा-पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत होते म्हणून आम्ही इकडचे झालो. घरात एक गंजलेली तलवार आहे. आयुधपूजेला ती तलवार, माझी टेप आणि लेव्हलची नळी एकाच पाटावर मांडतो. तेव्हा सिद्धराजूला देवभोळा म्हणायचं तोंड मला नाही.

"शहाणा आहेस का तू? मी काय सांगितलं होतं? दिवाळीपर्यंत हात लावू नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं, सार." त्यानं मान खाली घातली. "पण पूजा न करता हत्यार कामाला ठेवलं की नुकसान होतं. मागच्या वर्षी दोन जॅक साइटवर राहिले होते. त्याच साइटवर माझ्या तम्माचं बोट तुटलं."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. अपघात होऊ नये म्हणून यानं जॅक काढले होते!

"आणि साहेबांनीच फोन केला, सार. पूजेला नाहीतरी घरी नेणारच आहेस, तर एक दिवस आधी ने म्हणाले. फोटोवाला येणार होता."

आता साहेबांचं सांगतो. त्या वस्तीचं नाव मी लिहीत नाही. हुणसूर रोड सोडून आत, धुणीभांडी आणि गवंडीकाम करणाऱ्यांची वस्ती. शाळा कन्नड माध्यमाची, सरकारी. पहिली-दुसरीची मुलं व्हरांड्यात बसायची, पाऊस आला की भिंतीला चिकटून उभी राहायची. विजयनगरच्या इंग्लिश शाळांच्या व्हॅन वस्तीच्या तोंडाशी येऊन हॉर्न वाजवायच्या. एकेक पालक टी.सी., म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मागायला लागला होता. मुलं अजून कमी झाली तर शाळा बंद करून रिंग रोडपलीकडच्या मोठ्या शाळेत 'विलीन' करायची असं वर ठरलं होतं. इवलीइवली पोरं तो रिंग रोड कशी ओलांडणार, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं.

एकीच्या डोक्यात होतं. नागरत्ना मिस, तिथली मुख्याध्यापिका. ती वस्तीत घरोघर फिरली. "दसऱ्यापर्यंत थांबा. नवी मोठी खोली होतेय. दसऱ्यापर्यंत खोली झाली नाही तर मी स्वतः टी.सी. लिहून देते." लोक थांबले. म्हैसूरमध्ये कशाचीही मुदत दसराच असते. रस्त्याचं डांबर, भिंतीचा रंग, लग्नाची बोलणी, सगळं 'दसऱ्याच्या आत'.

पण त्या वर्षी पाऊस हटेना आणि स्लॅब पडला तो नवरात्र बसायच्या तोंडावर.

आमचे ब्लॉकचे शिक्षणाधिकारी, म्हणजे साहेब, पालकांसाठी एक बातमीपत्र काढायचे. कुठल्या शाळेत नळ आला, कुठे निकाल चांगला लागला, कुठे कुणी फीत कापली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. पहिल्या पानावर त्यांना ही खोली हवी होती. एक दिवस साइटवर आले आणि आत डोकावून नाक मुरडलं.

"जाधव, हे बांबूचं रान कशाला ठेवलंय?"

"बांबू नाहीत सर, जॅक आहेत. दिवाळीपर्यंत राहणार."

"अहो, लोकांना प्रगती दाखवायचीय. टेकू काय दाखवायचे?"

"टेकू काढले तर प्रगती खाली येईल, सर."

"मिसनी दसरा म्हणून सांगितलंय सगळ्यांना."

"मिसनी सांगितलं म्हणून सिमेंट ऐकत नाही."

ते हसले. "बरं बरं, बाहेरून काढू फोटो," म्हणाले. मला वाटलं विषय संपला. त्याच संध्याकाळी मी लाल डबा घेऊन मधल्या जॅकना रंग फासला.

तर आता अंगणात मी ओरडलो, "टेम्पो काढ! हे सगळे जॅक भर आणि शाळेवर ये. आत्ताच्या आत्ता!"

सिद्धराजू जागचा हलेना. त्याची बायकोही पुढे आली. "सार, पूजा झालीय. आज आयुधाला हात लावत नाहीत. उद्या विजयादशमीला उचलायचं." तिनं हात जोडले. टेम्पोला केळीचे खुंट बांधलेले, चाकांखाली लिंबं ठेवलेली.

"तिथं माणूस मेलं तर कुणाची पूजा करशील?" असं बोलू नये सणाच्या दिवशी, पण बोललो. आणि उत्तराची वाट न बघता स्कूटरला किक मारली.

मिसना फोन लावला. वाजत राहिला, उचलेना. रस्त्यावर जिकडेतिकडे फोडलेले कोहळे, लाल पाणी, हार घातलेल्या बसगाड्या. प्रत्येक गॅरेजपुढे गर्दी. मला इतकी चीड आली होती सगळ्या जगाची, त्या शेवंतीच्या वासाचीसुद्धा. मनात एकच, की सुट्टी आहे, शाळेत कुणी नसेल. अय्यो देवा, कुणी नसू दे.

शाळेच्या फाटकाला आंब्याचं तोरण होतं.

पालक जमले होते. नवी लुगडी, धुतलेले शर्ट, कडेवर मुलं. नव्या खोलीत टेबलावर सरस्वतीचा फोटो, पुढे पुस्तकं. एका बाजूला महादेवक्का, शाळेत दुपारचा भात-सांबार रांधणारी बाई, मोठमोठी पातेली आणि झारे घासून चकचकीत मांडत होती. तिचीही आयुधं तीच. नागरत्ना मिस दारात उभी राहून एकेकाला "या, या" करत होती. तिचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

मी वर पाहिलं. बीमच्या पोटाला, अगदी मधोमध, केसाएवढी चीर होती. आणि चिरेतून पाणी ठिबकत होतं. स्लॅब पक्का व्हावा म्हणून वर आळी करून पाणी साठवतात, ते पाणी. छतावर कठड्यासाठी आणलेल्या सिमेंट ब्लॉकचा ढीगही होता. खाली जॅक असताना त्याचं काही वाटलं नव्हतं.

"सगळे बाहेर! मिस, सगळ्यांना बाहेर काढा!"

"सर? काय झालं?"

"छत धरणार नाही. बाहेर!"

"पण सर, जॅक काढले म्हणजे खोली झाली ना? साहेब स्वतः म्हणाले, पूजा करून घ्या, पालकांना बोलवा."

काय चुकलं तिचं? आधार काढला म्हणजे काम पुरं झालं, असंच कुणीही समजेल. मी पालकांना हातानं ढकलायला लागलो. एकजण बाहेर पडता पडता म्हणाला, "सरकारी काम, आणखी काय." बाकीचे हसले. ते हसणं मिसच्या तोंडावर चपराक मारल्यासारखं बसलं.

तिनं माझा दंड धरला. "सर, आरती तरी होऊ द्या हो. ही माणसं आज अशी परत गेली तर परत येणार नाहीत."

"जिवंत राहिली तर येतील, मिस!"

अंगणभर माणसं, कुणी चिडलेलं, कुणी मुलांना हाका मारतंय. मी माणसं फाटकाकडे रेटत होतो, आणि मागच्या दारानं महादेवक्का आत शिरली. पातेली आणायला. पातेली शाळेची, पण जबाबदारी तिची. एखादं चेपलं तर काय उत्तर द्यायचं, एवढंच तिच्या मनात असणार. मिस किंचाळली, "अक्का, बेडा!" नको, नको.

आवाज फार मोठा नव्हता. आधी ब्लॉक घसरल्याचा, मग सगळं एकदम बसल्याचा. मधलं अर्धं छत खाली आलं. धूळ खाली बसेपर्यंत कुणी हललं नाही, फक्त एक मूल रडत होतं. मग आतून अक्काचा आवाज आला, आणि तिचा आवाज ऐकून मला रडू फुटलं. खरंच फुटलं, लाज कसली त्यात.

डोकं, धड मोकळं होतं. उजवा पाय मांडीपासून खाली बीमच्या तुकड्याखाली अडकलेला. आम्ही दहा माणसं मिळून तो हलवू शकलो नाही.

तेवढ्यात फाटकात टेम्पो थांबला. केळीचे खुंट तसेच बांधलेले. सिद्धराजू खाली उतरला, एकदा छताकडे पाहिलं आणि जॅक उतरवायला लागला. माळा काढायलाही वेळ नव्हता. तेच जॅक बीमखाली घालून, एकेक आटा फिरवत, आम्ही तो तुकडा उचलला. शेवंतीची फुलं अक्काच्या पदरावर पडत होती. ती सारखी विचारत होती, "पातेली चेपली का? सार, पातेली चेपली का?"

पाय वाचला नाही.

पुढचं सगळं सरकारी पद्धतीनं झालं. चौकशी बसली. साहेब म्हणाले, "मी फक्त फोटो मागितला होता. जॅक काढ असं मी लेखी कुठे दिलंय?" लेखी नव्हतंच. त्यांची बदली झाली, चांगल्या जागी. सिद्धराजूचं सरकारी काम कायमचं बंद झालं. चौकशीत तो एकदाही साहेबांकडे बोट दाखवायला तयार झाला नाही. "हात माझे होते, सार," एवढंच म्हणायचा. महादेवक्का घरी बसली. तिच्या कामाला नोकरी म्हणत नाहीत, सेवा म्हणतात, आणि सेवा करताना पाय गेला तर कुठल्या नियमात बसवायचं यावर फाइल फिरत राहिली.

बातमीपत्र मात्र वेळेवर निघालं. छपाईला आधीच गेलं होतं, कुणाला थांबवायचं सुचलं नाही. पहिल्या पानावर ती खोली. स्वच्छ, मोकळी, एकही जॅक नाही. खाली ओळ: 'वस्तीतील मुलांसाठी नवी खोली सज्ज.' वस्तीतल्या घराघरांत वाटलं गेलं ते.

पालकांनी टी.सी. नेले. कोण ठेवणार मुलं? डोळ्यांनी पाहिलं होतं सगळ्यांनी. शाळा रिंग रोडपलीकडे गेली, आणि पुढच्या बातमीपत्रात त्याचीही बातमी आली, 'गुणवत्तेसाठी शाळांचं एकत्रीकरण' म्हणून. काही मुली त्या रस्त्यापलीकडे कधी गेल्याच नाहीत. घरी बसल्या.

मी त्यातून एक गोष्ट शिकलो. त्यानंतर रिटायर होईपर्यंत दर आयुधपूजेच्या आदल्या दिवशी मी हळद-कुंकू आणि फुलांची पिशवी घेऊन प्रत्येक चालू साइटवर जायचो. सेंटरिंगवाल्याला बोलवायचं, आणि उभ्या जॅकची, जागच्या जागी, न हलवता पूजा करून घ्यायची. ऑफिसात चेष्टा व्हायची, "जाधव सार भटजी झाले." होऊ द्या. एकाही साइटवरून जॅक हलला नाही. नुसती मनाई करून माणूस ऐकत नाही, त्याच्या देवाची सोय करावी लागते.

नागरत्ना मिस परवा भेटली, विजयनगरच्या भाजी मार्केटात. तीही रिटायर झालीय. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग हातातली पिशवी खाली ठेवून तिनं विचारलं, "सर, जॅक तसेच राहिले असते तर खोली उभी राहिली असती?"

"राहिली असती."

"दिवाळीनंतर वर्ग बसले असते?"

"आरामात."

तिनं समोरची मेथीची एक जुडी उचलून परत ठेवली.

"दिवाळीपर्यंतही थांबली असती हो माणसं," ती म्हणाली. "दोन-चार आठवड्यांनी त्यांचं काय बिघडणार होतं? दसरा मीच म्हणाले. कुणी मागितला नव्हता. सगळे म्हणतात म्हणून तोंडाला आलं आणि म्हणून बसले."