‘इतर’ रकान्यातली रेघ

आमच्या गणिताच्या सरांना पुस्तकातली उदाहरणं आवडत नसत. पुस्तकात कुणा न पाहिलेल्या गावातल्या कुटुंबांचा धान्यावरचा खर्च दिलेला असायचा आणि आम्ही मुकाट्यानं त्याचा मध्य काढायचो. नववीत सांख्यिकी सुरू झाली तेव्हा सरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, या वेळी माहिती आपणच गोळा करायची. वाळूजला कारखाने उभे राहत होते, शिफ्टच्या बसगाड्या शाळेवरूनच जायच्या, छावणीच्या पुढं जागा दिसेल तिथं पत्र्याच्या खोल्या उठत होत्या. एवढी माणसं शहरात येतात ती कशासाठी, हे आम्ही शोधायचं. रकाने पाच: काम, शिक्षण, लग्न, दुष्काळ, इतर. जोडीजोडीनं घरोघर जायचं, विचारायचं आणि उत्तराच्या रकान्यात रेघ ओढायची. शेवटी सगळ्या वर्गाचा मिळून एक तक्ता होणार होता आणि तो गॅदरिंगच्या प्रदर्शनात लागणार होता.

मला गणित मनापासून आवडायचं. त्या दिवशी मात्र शेवटचा रकाना ऐकला आणि मी वही मिटली.

आम्ही पैठणकडच्या एका खेड्यातून आलो होतो. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव डोकी भडकली, तेव्हा आमच्या वस्तीतली घरं पेटवली. त्यात आमचंही गेलं. आम्ही बौद्ध, एवढंच कारण. ते विद्यापीठ वडिलांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. शहरात आल्यावर जात सांगितली की खोली रिकामी नसायची, म्हणून वडिलांनी सांगणंच सोडलं. आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नसे. भिंतीवर लावायचा फोटो ट्रंकेत साड्यांखाली असायचा. तरी पहिली खोली कुणीतरी चुगली केल्यावर गेलीच. दुसरी देताना मालकीणबाई म्हणाल्या होत्या की मी आपल्यातल्याच माणसांना ठेवते, आणि वडिलांनी नुसती मान हलवली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते म्हणायचे. मूठ सारखी आवळून हात दुखतो, हे त्यांना कोण सांगणार?

जोड्या सरांनी बाकांवरून पाडल्या. माझ्या बाकावर मालकीणबाईंचीच मुलगी बसायची. स्वभावानं चांगली, बडबडी. तिच्या डब्यातलं लोणचं अर्धं माझंच असायचं. ती म्हणाली, आपल्या गल्लीपासूनच सुरुवात करू. मी दुसरी गल्ली घेऊ म्हणाले, तर तिनं मला वेड्यात काढलं. ओळखीची माणसं सोडून परक्या दारात कशाला जायचं? तिचं बरोबरच होतं.

पहिलं घर तिचंच. मालकीणबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. त्यांची माणसं मेंढरंवाली. दुष्काळात चारा संपला, पाणी संपलं, मेंढरं वाटेवर पडत गेली आणि उरलेलं बिऱ्हाड डोक्यावर घेऊन ते इथं आले. सांगता सांगता त्यांनी पदर डोळ्याला लावला. मुलीनं दुष्काळाखाली रेघ ओढली. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण त्याहून जास्त हेवा वाटला. त्यांच्या दुःखाला रकाना होता. दारात बसून, भरल्या गल्लीत, त्यांना ते मोठ्यानं सांगता येत होतं.

मग आमची खोली. वडील पहिली पाळी करून आले होते आणि उंबऱ्यावर बसून चहा पीत होते. आई आत भाकरी थापत होती. हातात कागद घेऊन आलेल्या कुणालाही वडील एकाच रीतीनं उत्तर देत. रेशनवाला असो, मतदारयादीवाला असो. आधी उठून उभं राहायचं आणि मग बोलायचं. त्या दिवशीही ते उठले. समोर स्वतःची मुलगी आणि तिची मैत्रीण, तरी कपबशी खाली ठेवून उभे राहिले.

प्रश्न मैत्रिणीनं विचारला. वडील म्हणाले, “कामासाठी आलो. कंपनीत.”

तिनं रेघ ओढली. सरांनी एक जोडप्रश्नही दिला होता, गावाकडं घर आहे का. तोही तिनं विचारला. आतला भाकरीचा आवाज थांबला.

“हाय की,” वडील म्हणाले. “तीन खणाचं हाय. दारात लिंबाचं झाड. उन्हाळ्यात लई गार असतंय.”

ते माझ्याकडं बघत नव्हते. मी मैत्रिणीच्या पेन्सिलीकडं बघत राहिले. ते झाडसुद्धा जळालं होतं. मैत्रीण म्हणाली, मग सुट्टीत मला न्याल का? वडील हसून हो म्हणाले.

संध्याकाळी आई एवढंच म्हणाली की हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे. मी वडिलांवर चिडले. निदान गप्प तरी बसायचं, घर आहे म्हणून कशाला सांगितलं, असं दबक्या आवाजात तोडून बोलले. त्यांनी बोटानं भिंतीकडं दाखवलं. त्या खोलीत मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. मधली भिंत पत्र्याची, पलीकडं मालकीणबाईंची चूल.

शनिवारी सरांनी फळ्यावर पाच रकाने आखले. एकेका जोडीनं यायचं आणि आपल्या रेघा फळ्यावर उतरवायच्या, चार उभ्या आणि पाचवी त्यांच्यावरून तिरकी. खडूची धूळ उडत होती, रेघा ओढणाऱ्याच्या पाठीआड फळा दिसत नव्हता. काम या रकान्यात जागा पुरेना, तेव्हा सरांनी तो शेजारी वाढवून दिला. ते खुशीत होते. शहर कसं वाढतंय बघा, म्हणाले. आमची पाळी आली तेव्हा मैत्रिणीनं आकडे वाचले आणि रेघा मी ओढल्या. वडिलांची रेघ त्यातच कुठंतरी होती. कोणती, ते मलाही सांगता आलं नसतं.

सगळं झाल्यावर सर मागं सरकून फळा बघायला लागले. ‘इतर’ खाली एक रेघ होती. एकच, जरा वाकडी.

“ही कोणाची?” सरांनी विचारलं. “कारण काय लिहिलंय?”

कुणी उठलं नाही. सरांनी परत विचारलं, या वेळी जरा चढ्या आवाजात. मी मागं वळून बघितलं. सगळे आपापल्या वहीत मान घालून. म्हणजे या वर्गात आणखी कुणीतरी होतं. कुणाच्या तरी बापानं, नाहीतर आईनं, दारात उभं राहून ‘काम’ म्हटलं नव्हतं. किंवा म्हटलं होतं आणि पोरानं ऐकलं नव्हतं. उठावं आणि माझी म्हणावं, असं मला फार वाटलं. पण शेजारी मैत्रीण बसली होती. तिनं मला कोपरानं ढोसून हळूच विचारलं, कोण गं असेल?

ज्या नोंदीला धनी नाही ती चूक धरायची असते, असं सरांनी समजावलं आणि बोटानं ती रेघ पुसली. टक्केवारीही त्यामुळं सोपी झाली. माझं अक्षर चांगलं म्हणून तक्ता मीच रंगवला, चारच रकान्यांचा.

घरी वडिलांनी विचारलं, काय निघालं तुमच्या हिशेबात? मी म्हणाले, बहुतेक लोक कामासाठी आले. मग आवाज अगदी खाली आणून, पत्र्यापलीकडं जाणार नाही असा, त्या एका रेघेचं सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

“कोन व्हतं?”

माहीत नाही, मी म्हणाले. शोधते आता.

“हुडकू नको,” वडील म्हणाले. “ते पन कुनाच्या तरी खोलीतच ऱ्हात असंल.”