न वाचलेल्या ठरावाखाली माझी सही

मंडळी, आज सकाळी आमच्या पठारावरच्या गावची ग्रामसभा झाली. म्हणजे चहा झाला, सह्या झाल्या आणि सभा संपली.

हजेरीचं रजिस्टर फिरत आलं, तशी मीही शेजाऱ्याशी गप्पा मारत सही ठोकली.

वरच्या वाडीच्या हिराबाई मेंढरं जावेच्या भरवशावर सोडून आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "भाऊ, आमच्या पाइपलाइनचं काय ठरलं?"

सरपंच म्हणाले, "मावशी, यंदा कर्ज काढून बाजारात गाळे बांधायचे. पाणी पुढच्या साली. ठराव एकमतानं मंजूर, तुमचा अंगठाबी हाय की!"

"अंगठा मी हजेरीला दिला राव, कर्जाला न्हाई!"

सभा खो खो हसली. मी ठराव वाचायला मागितला, तर ग्रामसेवक म्हणाले, "सही केलीत ना? मग आता कशाला?"

हिराबाई आणखी वर्षभर डोक्यावर हंडे वाहणार, आणि त्याला माझीही संमती आहे! फेसबुकवर देशाचं बजेट दुरुस्त करणारा मी शहाणा, गावच्या बजेटाला चहा पीत बसलो.

विशेष ग्रामसभेचा अर्ज आत्ताच लिहिलाय. तुमच्या गावावर कर्ज कशापायी आहे, ठाऊक आहे का कुणाला?