पोटॅश मॅडमनी माफ केलं नाही

पोटॅश मॅडम अपमान विसरत नसत. वीस वर्षांपूर्वी दारव्ह्याच्या बसमध्ये "तांड्यावरची दिसते" म्हणालेल्या कंडक्टरचं त्या मिशीसकट वर्णन करत. बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यातून शिकून वर आलेल्या त्या आमच्या कॉलेजात सेंद्रिय रसायन शिकवत.

हे नाव त्यांच्या लाडक्या उदाहरणावरून पडलं. "पोटॅश तोच. पाण्यात असला तर ब्रोमिनच्या जागी जाऊन बसते. अल्कोहोलात असला तर ब्रोमिनले हाकलते, शेजारचा हायड्रोजन उपटते अन् मागं दुहेरी बंध सोडते. संगत पाह्य, पोरी!" मी वणीच्या ट्रक मेकॅनिकची मुलगी. "हिला कायले रसायन?" असं सगळे म्हणत असताना मॅडमनीच मला प्रोजेक्टला घेतलं.

त्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगाला सापळ्यात ओढणारा गंध बनवण्याच्या मागे होत्या. त्याच्या पहिल्या पायरीला रेणूच्या अगदी टोकाला दुहेरी बंध लागायचा. पोटॅशने तो बहुतेक आत, नको तिथेच पडे. मग त्यांनी पोटॅशऐवजी आकाराने थोराड अल्कली घेतला. "जाडा माणूस गर्दीत घुसत नाही, काठावरचंच उचलते." तत्त्व पुस्तकात होतंच, पण बंध टोकालाच यावा म्हणून तापमान किती, वेळ किती, हे काढायला दोन वर्षं गेली. फसलेले प्रयोग पहिल्या वहीत, साधलेले दुसरीत.

विभागप्रमुखांनी दोन्ही वह्या "बघायला" नेल्या, महिन्याभराने परत केल्या आणि सहा महिन्यांनी शोधनिबंध स्वतःच्या नावावर छापला. मी रडले. मॅडम मात्र तो निबंध वाचून हसल्या. घाईत त्या माणसाने कृती पहिल्या वहीतली उतरवली होती आणि निकाल दुसऱ्या वहीतला.

"रडू नको. त्यानं माही चूक चोरली. आता त्याले मोठा होऊ दे."

दोन वर्षं त्या गप्प राहिल्या. त्याच्या सत्काराला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. मग कॉलेजात कार्यशाळा भरली, बाहेरगावचे प्राध्यापक आले. मॅडम हात जोडून उभ्या राहिल्या. "सर, आमच्या पोरींले एकदा करून दाखवा ना."

त्याला नाही म्हणता येईना. छापलेल्या कृतीनेच त्याने प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी यंत्रातून आलेख आला. सर्वात उंच शिखर आतल्या, नको असलेल्या बंधाचं होतं. मॅडमनी दोन्ही वह्या टेबलावर उघडून ठेवल्या.

"आता सांगा सर, यातली तुमची कोणती?"

त्याने पाणी मागितलं. कोणी उठलं नाही. मीही नाही. खरं सांगते, तेवढा आनंद मला ईदलाही झाला नव्हता.

निबंध मागे घेतला गेला, त्याचं पद गेलं. मॅडमचं नाव मात्र कुठेच छापलं गेलं नाही. त्याची खंत त्यांनी कधी बोलून दाखवली नाही.

पुढे त्याला लकवा मारला. मॅडम मला घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात गेल्या. संत्रं सोलून फोड-फोड त्याला भरवली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "माफ केलं?"

"नाही. भूक लागली होती त्याले, म्हणून चारलं. माफी वेगळी."

तो सावरला. मॅडम मागच्या उन्हाळ्यात वारल्या. त्यांच्या मातीहून परतत होते तेव्हा फोनवर त्याचा निरोप आला, "मॅडम फार मोठ्या मनाच्या होत्या."

रस्त्याकडेला थांबून मी एकच शब्द लिहिला, "नव्हत्या."