दुर्गाघाटच्या पत्रेमावशी

पत्रेमावशींच्या गोमुखीत जपमाळ नव्हती, पत्रा कापायची कातर होती. सकाळी स्नान आटोपून त्या काशीच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढत, तेव्हा उजवा हात गोमुखीत असे आणि ओठ हलत असत. यात्रेकरू अदबीने वाट देत. एखादी म्हातारी वाकून नमस्कारही करी आणि मावशी डोळे मिटून तिला आशीर्वाद देत. अगदी जवळून गेलं तरच त्यांचं पुटपुटणं ऐकू येई : "हलवायाकडे बिस्किटाचा डबा, वैद्यांच्या मोरीत दुधाचा डबा, जोश्यांचा रॉकेलचा कनस्तर उद्यापरवा रिकामा..."

मी लग्न होऊन वाईहून काशीला आले. आमचं घर दूधविनायकावर होतं. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी बजावलं, "दुर्गाघाटावर एक बाई पत्रे ठोकत बसते. तिच्या नादी लागायचं नाही." मी मान डोलावली. चार दिवसांनी गल्लीत एका लाल आलवणातल्या, उंच, काटक बाईने मला अडवलं. "तू नवी सून ना? सासूबाईंना विचार, किसणीची धार गेली का? गेली असेल तर नेहमीसारखी पदराखालून पाठवा म्हणावं." घरी येऊन मी निरोप जसाच्या तसा सांगितला. सासूबाईंनी तांदळाच्या पिंपामागून किसणी काढली, माझ्या पदराखाली दिली आणि म्हणाल्या, "नादी लागू नकोस म्हटलं होतं. जाऊ नकोस असं कुठं म्हटलं?"

असं माझं त्यांच्याकडे जाणं सुरू झालं.

मावशी कोल्हापूरकडच्या. नवरा गेल्यावर दिराने यात्रेच्या निमित्ताने काशीला आणलं आणि इथेच ठेवलं. हे सांगताना त्या कधी रडल्या नाहीत. "दिवाळीला न्यायला येतो म्हणाला. कुठल्या, ते विचारायचं माझ्याकडूनच राहिलं बघ," म्हणत. दोन वर्षं त्या अन्नछत्रात जेवल्या. मग तेही सोडलं. का सोडलं, असं मी एकदा विचारलं. "वाढपी एक दिवस मला 'आलीस का' म्हणाला. 'आलात का' म्हणाला असता तर आणखी जेवले असते."

पंचगंगेवरून वर येताना, मशिदीमागच्या बोळात करीमचाचा नावाचे म्हातारे टीनसाज पत्र्याच्या वस्तू बनवत बसत. मावशी रोज थांबून त्यांचं काम बघत. एक दिवस राहवलं नाही आणि बोलल्या, "चाचा, ये तोंड तिरपा हो गया." चाचांनी चष्मा वर करून पाहिलं. "ए माई, ई काम औरतन का नाहीं।" मावशी म्हणाल्या, "मग औरत के घर में दिया कौन लगाता है? तुम आते हो?" चाचा इतके हसले की हातातली ढिबरी, म्हणजे रॉकेलची चिमणी, खाली पडली. मग त्यांनी बाजूचं पोतं झटकून दिलं आणि कातर पुढे केली. पहिल्या दिवशी मावशींच्या तीन बोटांना चिंध्या बांधाव्या लागल्या. वर्षभरात चाचा स्वतःची गिऱ्हाइकं दुर्गाघाटावर पाठवू लागले.

दुर्गाघाटावर पाठशाळेच्या मागे मावशींची खोली होती. तिथे फुटक्या डब्यांचे पत्रे सपाट होत आणि चाळणी, नरसाळी, ढिबऱ्या, उंदरांचे सापळे बनून बाहेर पडत. "डबा रिकामा झाला की संपला, हे पुरुषांचं गणित," असं त्या म्हणत. डब्यांवरची रंगीत चित्रं मात्र त्या खरवडत नसत, उलट मुद्दाम राखत. आमच्या चाळणीवर अर्धा घोडा होता, उरलेला अर्धा जोश्यांच्या नरसाळ्यावर. आमच्या ढिबरीवर इंग्रजी अक्षरं होती. यजमानांना इंग्रजी येत असे. त्यांनी ती एकदा वाचली आणि ढिबरी तशीच हातात धरून बसले. मी विचारलं, "काय लिहिलंय?" म्हणाले, "आगीपासून दूर ठेवा."

हे सगळं पाठशाळेच्या शास्त्रीबुवांना खपत नसे. बुवा मोठे विद्वान, आवाज भरदार, आणि मावशींची खोली त्यांच्याच ताब्यात. रॉकेलचे, बिस्किटांचे डबे म्हणजे साता समुद्रापलीकडचा विटाळ, ते ब्राह्मणाच्या स्वयंपाकघरात येता कामा नयेत, असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं. बायकांनी ऐकलं आणि आपापल्या किसण्या पिंपांमागे सरकवल्या.

पण बुवांना माकडांनी गाठलं. घाटावरची माकडं त्यांच्या गच्चीतून नैवेद्याचे लाडू रोज पळवू लागली. पितळी डब्याचं झाकण ती माणसासारखी उघडत. शेवटी एका दुपारी बुवांच्या पत्नी, काकू, मावशींकडे आल्या. "माकडांना उघडता येणार नाही असा डबा हवा. बुवांना हवाय, पण बुवांनी सांगितलंय असं मी सांगितलेलं नाही."

"कळलं," मावशी म्हणाल्या.

डबा फार सुरेख झाला. झाकणाला असा खटका होता की तो आत दाबून त्याच वेळी डावीकडे सरकवावा लागे. थोरल्या हुप्प्याने तो डबा कठड्यावर आपटला, चावला, आणि शेवटी त्यावर पाठ फिरवून बसला. पण त्या संध्याकाळी काकूंचा निरोप आला, की बुवांनाही उघडत नाहीये. मावशींनी उलट निरोप पाठवला : "माकडाला सुचत नाही ते करून बघा म्हणावं."

दत्तजयंतीला बुवांनी तो डबा रेशमी रुमालात गुंडाळून देवळात आणला. जन्म झाला, आरती झाली, बुवा स्वतः लाडू वाटू लागले. शेवटचा लाडू उचलायला त्यांनी डबा जरा कलता केला आणि पुढे बसलेली एक चिमुरडी ओरडली, "आई, मड्डम!"

डब्याच्या तळाला, बाहेरच्या अंगाला, गुलाबी गालांची एक गोरी मड्डम हातात चहाचा कप घेऊन खदखदून हसत होती.

सगळं देऊळ हसलं. पुजाऱ्याने तोंडावर उपरणं धरलं. मी मावशींकडे पाहिलं, तर त्यांचा हात गोमुखीत आणि डोळे मिटलेले. बुवांचा चेहरा मात्र पाहवेना. रुमाल तिथेच टाकून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला : चार दिवसांत खोली खाली करा. तेव्हा मावशींची थट्टा थांबलेली मी पहिल्यांदा पाहिली. त्या पत्र्याचा एक तुकडा उगीच सरळ करत बसल्या होत्या. "जास्त झालं गं माझं," एवढंच म्हणाल्या. काशीत त्यांना दुसरं छप्पर नव्हतं.

मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी निवडत असलेले तांदूळ पुरे केले. संध्याकाळी मात्र डोक्यावर पदर घेऊन निघाल्या. जाताना जोशीणबाईंना हाक मारली, त्यांनी आणखी दोघींना. पाठशाळेच्या अंगणात पोचेपर्यंत आम्ही अकराजणी होतो. मावशींनाही बोलावून घेतलं.

बुवा ओटीवर उभे होते. "अधर्माला मी जागा देणार नाही. ज्या वस्तू लोकांनी उकिरड्यावर टाकल्या, त्या ही बाई घरात आणते!"

मावशी हळूच म्हणाल्या, "बुवा, टाकून दिलेलं काशीत आणून ठेवायची रीतच आहे. मला ठेवून गेले तेव्हा कुणी हरकत घेतली नाही."

बुवांनी मान वळवली.

तेवढ्यात सासूबाईंनी पदराखालून किसणी काढली आणि ओटीवर ठेवली. "ही आमच्याकडची. सहा वर्षं झाली." जोशीणबाईंनी नरसाळं ठेवलं. कुणी चाळणी, कुणी ढिबरी. सगळ्यांच्या शेवटी काकू घरातून आल्या आणि तो खटक्याचा डबा त्यांनी नवऱ्याच्या पायाशी ठेवला.

"विटाळ आहे ना? मग सगळ्याच टाकू," सासूबाई म्हणाल्या. "दहा दिवसांवर एकादशी. पाठशाळेच्या पंगतीला रताळ्याचा कीस लागतो. रताळी आम्ही पाठवू. किसून घ्या तुम्ही."

बुवांना रताळ्याचा कीस किती आवडतो हे सगळ्या दुर्गाघाटाला ठाऊक होतं. त्यांनी किसणीपासून डब्यापर्यंत सगळ्या वस्तूंवरून नजर फिरवली. मग घसा खाकरला. "उपवासाच्या बाबतीत शास्त्रात... काही सवलती आहेत." आत जायला वळले, आणि वळता वळता काकूंना म्हणाले, "डबा आत घ्या. माकडं आहेत."

त्या डब्याला नवा तळ लावून द्यायचं मावशींनी कबूल केलं होतं. तो त्यांनी कधी लावला नाही आणि बुवांनीही कधी मागितला नाही.

पुढे यजमानांना ग्वाल्हेरला शाळेत नोकरी लागली. निघायच्या सकाळी मावशी आल्या, माझ्या ट्रंकेचे सगळे कोपरे ठोकून बघितले आणि म्हणाल्या, "गाडीत रडू नकोस. लोकांना वाटेल नवरा मारतो." मग यजमानांकडे वळून, "आणि तुम्ही रडलात तर लोकांना काय वाटेल, ते सांगत नाही." एवढं बोलून मागे न बघता बोळात वळल्या.

ग्वाल्हेरला मी स्वतः एक नरसाळं करून पाहिलं. ते गळायचं. मावशींना तसं कळवलं, तर सासूबाईंच्या अक्षरात त्यांचं उत्तर आलं : "गळू दे. पाहुण्यांसमोर सासरच्यांनी केलंय म्हणून सांग."

तिसऱ्या वर्षी, पौषात, सासूबाईंचं लांबलचक पत्र आलं. मावशी दोन दिवसांच्या तापाने गेल्या होत्या. दिराला तार केली होती, उत्तर आलं नाही. अग्नी कुणी द्यायचा, यावर घाटावर चर्चा सुरू झाली, तेव्हा शास्त्रीबुवा उठले, त्यांनी धोतराचा काचा मारला आणि अग्नीचं मडकं उचललं. मणिकर्णिकेवर करीमचाचा वरच्या पायरीवर थबकून उभे होते. बुवांनी खालून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एका विद्यार्थ्याला सांगितलं, "उस्ताद को नीचे ले आओ। चेली उनकी है।"

हे मी यजमानांना वाचून दाखवत होते. इथे मी तीच ओळ पुन्हा वाचू लागले. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि शेवटच्या ओळी वाचल्या :

"खोलीत आता पाठशाळेची लाकडं ठेवतात. जाता-येता मी सवयीने हाक मारते. परवा मारली, तर आतून शास्त्रीबुवांनी ओ दिली. लाकडं बघायला आलो होतो, म्हणाले. लाकडं बघायला माणूस भिंतीला टेकून खाली बसतो का, तूच सांग."