पाठलाग न करणारा जवान

आष्टीच्या वाटेवर निजामाचा नाका होता. इंग्रजांच्या मुलखातून येणारा माल तिथे तपासून जकात घेत. त्या नाक्यावरच्या जवानाचं नाव मी कधी विचारलं नाही. पिकलेली दाढी, तेल पाजलेले जोडे, आणि बोलता बोलता घोड्याची आयाळ विंचरायची सवय.

नणंदेच्या लग्नाची लुगडी आम्ही नगरहून आणत होतो. गाठोडं लपवून मी त्याच्यावरच बसले होते. जवानाने हात वर केला, तशी आमच्या ह्यांनी बैलांना पराणी टोचली आणि गाडी पिटाळली. मी मागे वळून पाहिलं. घोडा शेजारीच होता, तरी गडी जागचा हलला नाही. आळशी दिसतो म्हातारा, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लगाम धरून तो चालत आमच्या दारात आला. आमच्या एका चाकाची लोखंडी धाव सांधलेली होती. फुफाट्यात उठलेली तिची खूण धरून त्याने घर गाठलं होतं. माझ्याकडे हळद मागून आधी त्याने बैलांच्या जखमांना लावली. मग गाठोडं सोडायला लावलं, दंड घेतला.

ह्यांनी खालमानेनं विचारलं, "काल मागं घोडा का न्हाई घातला, जमादार?"

"मी पाठी लागलो असतो तर तुमी अजून टोचलं असतं. चूक तुमची, अन् रगत बैलाचं."

जाताना त्याने आपल्या फडक्यातली भाकरी बैलांना चारली. पुढे दर खेपेला नाक्यावर चारायचा.

नंतर कित्येकदा त्या वाटेने गेलो. गाडी रिकामी असली तरी, ह्यांनी कासरा ओढायच्या आत नाक्यापाशी बैलच थांबायचे.