बाबांचं नाक

पासपोर्टचे फोटो मिळेपर्यंत मी स्टुडिओतल्या बाकावर बसले होते. समोर कॉम्प्युटरवर माझ्या शेजारी बसलेल्या मुलीचा चेहरा हातभर मोठा झालेला. फोटोवाल्यानं मुरुमांचे डाग पुसले.

“नाक जरा बारीक करा,” तिची आई म्हणाली. “स्थळांना पाठवायचाय.”

“आई, नाक बाबांचं आहे.”

“म्हणूनच! ते गेले आपल्याला टाकून. त्यांचं नाक कशाला हवंय?”

फोटोवाल्याचा हात माउसवर थबकला. माणसं घर सोडून जातात, पण जाताना पोरांच्या चेहऱ्यावरून आपलं काही काढून नेत नाहीत. मुलगी खाली बघत होती. नाक बारीक झालं.

“झालं ताई. अजून काही?”

आई बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “डोळेही त्यांचेच आहेत.”